खोगिराखालचा लोकरी नमदा : मराठवाड्याच्या उन्हात पारखलेली गादी

माळेगावच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस अंगावरचे केसांचे भोवरे तपासतो, देवमण (गळ्याजवळचा शुभ मानलेला भोवरा) शोधतो, पंचकल्याण (चारही पाय आणि तोंडावर पांढरा) असेल तर किंमत वाढवून देतो, ओठ उचलून दातांवरून वय ठरवतो आणि चाल पाहण्यासाठी फेऱ्या मारायला लावतो. मात्र खोगीर उतरवून पाठीवरून हात फिरवणारे गिऱ्हाईक क्वचितच दिसते. कुमैत (तांबूस तपकिरी) किंवा काळ्या घोड्याच्या पाठीवर, खांद्याच्या मागच्या बाजूस पांढऱ्या केसांचे ठिपके असतील, तर ते जन्मजात रंगाचे लक्षण असेलच असे नाही. पुष्कळदा ती जुन्या दाबाची खूण असते. त्या जागी खोगीर इतके रुतलेले असते की केसांना रंग देणाऱ्या पेशी निकामी होतात आणि पुढे तेथे उगवणारा केस पांढराच येतो. असे ठिपके असलेले घोडे आपल्याकडे इतके आहेत की लोकांना त्यात काही वावगे वाटत नाही. लगामाच्या पितळी फुलांवर आणि गळ्यातल्या घुंगरांवर हौसेने खर्च करणारा मालक खोगिराखालची गादी मात्र दुकानदार जी देईल ती घेऊन येतो, आणि घोड्याच्या अंगाला प्रत्यक्ष चिकटणारी वस्तू नेमकी तीच असते.

या लेखात परीक्षण करायचे आहे ते अशाच एका गादीचे, म्हणजे लोकरीच्या नमद्याचे. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात, माळेगावला, खंडोबाच्या यात्रेनिमित्त मार्गशीर्षाच्या अखेरीस जो जनावरांचा बाजार भरतो, त्यात घोड्यांच्या साजाची दुकानेही लागतात. तेथून घेतलेला हा नमदा मी माझ्या मारवाडी घोडीवर, कानपुरी बनावटीच्या चामडी खोगिराखाली, उन्हाळा, पावसाळा आणि त्यानंतरचा कुसळांचा हंगाम अशा तिन्ही काळांत वापरला आहे. सोबत रजईसारखी शिवलेली सुती गादी, कृत्रिम लोकरीची गादी, फोमवर रेक्झिन चढवलेली गादी, जेलची गादी आणि चौघडी केलेली घोंगडी हे पर्यायही त्याच खोगिराखाली पाहिले. नमदा यांपैकी सर्वांत देखणा नाही आणि सर्वांत स्वस्तही नाही. तरी आपल्या हवेत रोजच्या रपेटीसाठी मी त्यालाच पहिला क्रमांक देईन. त्याची कारणे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण याच नमद्यात काही उणिवाही आहेत आणि त्या माहीत नसताना घेतला तर घोड्याला त्रास होऊ शकतो.

प्रथम त्याच्या घडणीविषयी. नमदा विणलेला नसतो. मेंढीची लोकर पिंजून थरांवर थर पसरतात, त्यावर साबणाचे गरम पाणी शिंपडतात आणि गुंडाळून, दाबून, लाटून ती एकजीव करतात. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओल, उष्णता आणि घर्षण मिळाले की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. राजस्थानातील टोंक या कामासाठी प्रसिद्ध आहे, काश्मीरमध्येही ही कला जुनी आहे. मी घेतलेला नमदा न रंगवलेल्या करड्या लोकरीचा, सुमारे 20 मिलिमीटर जाडीचा आहे. तो दोन तुकड्यांचा असून कण्याच्या रेषेवर चामड्याच्या पट्टीने जोडलेला आहे आणि पुढच्या बाजूस, जेथे मान संपून खांद्यांवरचा उंचवटा येतो, तेथे वरच्या दिशेने कमानदार कापलेला आहे. ही कमान पाहूनच मी तो निवडला. सरळ चौकोनी कापलेली गादी खोगीर आवळताच त्या उंचवट्यावर ताणली जाते आणि स्वार चढला की तेथेच सतत ओढ बसत राहते. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांत हा उंचवटा बहुधा ठळक असतो, त्यामुळे त्यांच्याबाबतीत गादीच्या कापणीचे महत्त्व तिच्या जाडीपेक्षाही अधिक मानावे लागते.

आता उन्हाचा प्रश्न. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि पहाटे निघालेली रपेटही आठ वाजण्याच्या आत संपवावी लागते. घोडा स्वतःला थंड ठेवतो तो मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने. त्याच्या घामात क्षारांचे प्रमाण मोठे असते आणि लॅथरिन नावाचे एक प्रथिनही असते, ज्यामुळे घाम केसांवर चटकन पसरतो आणि घासला गेला की त्याला फेस येतो. खोगिराखालचा पाठीचा मोठा भाग झाकलेलाच राहणार असल्यामुळे तेथील ओलावा शोषून कडेपर्यंत नेणारी वस्तू हवी. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंत ओलावा तंतूंच्या आत सामावून घेते आणि तरीही स्पर्शाला चिंब लागत नाही. याचा प्रत्यय खोगीर उतरवल्यावर येतो. नमद्याखालची पाठ ओलसर असते, पण तिच्यावर घामाचे थारोळे साचलेले नसते आणि तळहाताला कोठेही चटका बसावा अशी ऊब जाणवत नाही. याउलट रेक्झिनच्या गादीखाली घामाला वाटच नसते. तो तेथेच साचतो, कातडी मऊ पडते आणि मऊ पडलेली कातडी खोगिराच्या लहानशा हालचालीनेही सोलवटते. पाण्यात पोहणाऱ्यांच्या पोशाखासाठी वापरतात तसल्या निओप्रीनच्या गाद्याही आता ऑनलाइन मिळतात. त्या घसरत नाहीत हे खरे, परंतु हवा खेळत नाही हा त्यांचा दोष आपल्या उन्हाळ्यात फार महागात पडेल, म्हणून त्यांची शिफारस मी करणार नाही.

नमद्याचा दुसरा गुण सहसा बोलला जात नाही. दुडक्या चालीत खोगीर केवळ वरून दाबत नाही, ते पुढे-मागे आणि आडवेही किंचित सरकत असते. ही सरक जर थेट कातडीवर उतरली तर केस तुटतात आणि कमरेकडे टक्कल पडू लागते. दाट नमदा ती सरक आपल्या थरांमध्ये जिरवतो. त्याचा वरचा थर खोगिराबरोबर हलतो आणि खालचा थर पाठीबरोबर राहतो. माझ्या घोडीच्या कमरेवर पूर्वीच्या सुती गादीने केस विरळ झाले होते, ते नमदा वापरू लागल्यावर पुन्हा भरून आले.

जाडीविषयी मात्र ठामपणे सांगितले पाहिजे, कारण बाजारात जाडी हाच गुण म्हणून विकला जातो. खोगीर घोड्याला अरुंद होत असेल तर त्याखाली जाड गादी घातल्याने दाब वाढतो. पायाला घट्ट होणाऱ्या बुटात जाड मोजा घातल्यासारखेच ते आहे. 20 मिलिमीटरचा नमदा दोन्ही बाजूंनी तेवढी जागा व्यापतो, त्यामुळे पूर्वी पाठीवर बरोबर बसणारे खोगीर वर उचलले जाते, खांद्यांना चिमटा बसतो आणि तंग (पोटाखालून आवळायचा पट्टा) कितीही आवळला तरी खोगीर डोलत राहते. म्हणून आधी नुसते खोगीर, काहीही न घालता, पाठीवर ठेवून पाहावे. पुढच्या कमानीखाली दोन-तीन बोटे सहज मावली पाहिजेत, कण्यावर मधली पन्हळ पुढून मागेपर्यंत मोकळी दिसली पाहिजे आणि खोगिराच्या दोन्ही बाजू पाठीला सलग टेकल्या पाहिजेत. जे खोगीर असे नेमके बसते त्याला दहा-बारा मिलिमीटरचा पातळ नमदा पुरतो. खोगीर थोडे रुंद असेल किंवा देशी पद्धतीचे, लाकडी सांगाड्याशिवायचे भरीव खोगीर असेल, तरच 20 मिलिमीटरचा विचार करावा. मोडका किंवा वाकडा सांगाडा कोणत्याही गादीने दुरुस्त होत नाही. त्यासाठी खोगीर करणाऱ्या कारागिराकडेच जावे लागते.

गादी बसली की नाही हे घोडाच सांगतो, आणि त्याची भाषा घामाच्या ठशात असते. चांगली रपेट झाल्यावर खोगीर उतरवले की पाठीवर कण्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या आकाराचे ओले पट्टे दिसावेत आणि मधली रेषा बहुतांशी कोरडी असावी. ओल्या भागाच्या मधोमध एखादा कोरडा ठिपका राहिला असेल, तर तेथे घामाच्या ग्रंथी दाबल्या जाईपर्यंत भार आला असण्याची शक्यता असते, किंवा तेथे गादी टेकतच नसते. बोटांनी चाचपून दोहोंतले काय ते ठरवता येते, कारण दाब असेल तर घोडा अंग चोरतो. येथे एक जुनी शिस्त पाळण्यासारखी आहे. स्वार उतरल्याबरोबर खोगीर ओढून काढू नये. तंग दोन भोके सैल करून घोडा थोडा हाताने चालवावा आणि मगच खोगीर उतरवावे, म्हणजे दबलेल्या भागात रक्त हळूहळू परतते आणि गाठी उठण्याचे प्रमाण कमी होते. खोगीर चढवतानाही नमदा आधी थोडा पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवावा आणि तंग आवळण्यापूर्वी पुढची कमान बोटांनी उचलून खोगिराच्या पन्हळीत ढकलावी. एवढे न केल्यास उत्तम गादीही उंचवट्यावर बसते.

पावसाळा सरल्यावर बालाघाटच्या माळांवर कुसळी गवत वाळते, तेव्हा कृत्रिम लोकरीच्या केसाळ गाद्यांची खरी परीक्षा होते, आणि त्यात त्या टिकत नाहीत. कुसळे लांब तंतूंमध्ये शिरून आतून टोके काढतात, हाताने वेचूनही सगळी निघत नाहीत आणि स्वाराच्या वजनाखाली ती घोड्याच्या कातडीत घुसतात. खोगीर चढवताच घोडा पाठ कमानदार करतो किंवा चावायला येतो, तेव्हा त्याच्या स्वभावाला दोष देण्याआधी गादीच्या खालच्या बाजूवरून तळहात फिरवून पाहावा. दाट नमद्याचा पृष्ठभाग सपाट असल्यामुळे कुसळे वर-वरच अडकतात आणि जाड ब्रशने निघून जातात. सराट्यांचे काटेही असेच दिसून येतात. मराठवाड्यात नमदा निवडण्यासाठी मला हे कारण उन्हाच्या कारणाइतकेच वजनदार वाटते, आणि परदेशी गाद्यांच्या जाहिरातींत त्याचा उल्लेख असण्याचे काही कारण नसते.

पाण्याचा हिशेबही आपल्याकडे करावाच लागतो. सुती गादीला घामाचे क्षार लागले की ती वाळून कडक होते आणि तिला दर दोन-तीन दिवसांनी धुवावे लागते. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावात हे कसे जमणार? नमदा वारंवार धुवायचा नसतोच. रपेटीनंतर तो खालची बाजू वर करून सावलीत, वाऱ्यावर टाकावा आणि पूर्ण वाळल्यावर खरखरीत ब्रशने केस आणि क्षार झाडून काढावेत. महिन्या-दीड महिन्याने रिठ्याच्या गार पाण्यात बुडवून, न पिळता, दाबून पाणी काढावे. गरम पाणी आणि कपड्यांची तीव्र पावडर टाळावी, कारण ज्या क्रियेने लोकर नमद्यात बदलते तीच क्रिया पुन्हा सुरू होऊन तो आखडतो. दोष असा की धुतलेला नमदा वाळायला फार वेळ घेतो, आणि श्रावणातल्या दमट हवेत तर त्याला दोन दिवसही अपुरे पडतात. ज्यांना रोज स्वारी करायची आहे त्यांनी जोडीला दुसरी गादी ठेवणे अपरिहार्य आहे. लोकर असल्यामुळे कसर लागण्याचे भयही असते. पेटीत ठेवताना कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि अधूनमधून ऊन दाखवावे. डांबरगोळ्या मात्र कातडीला लागणाऱ्या वस्तूत ठेवू नयेत.

आता मी घेतलेल्या नमद्यातील उणिवा. कण्यावरची चामड्याची पट्टी ज्या दोऱ्याने शिवली आहे, त्याचे टाके खालच्या बाजूला उघडे आहेत आणि सुरुवातीला ते चांगलेच टोचरे होते. मी त्यावर मऊ नमद्याची अरुंद पट्टी शिवून घेतली. हे काम विकणाऱ्यानेच करून द्यायला हवे होते. नमदा खोगिराला बांधण्याचे पट्टे एवढ्या पुढे लावले आहेत की माझ्या खोगिराच्या बंदांशी ते जुळत नाहीत, म्हणून तेही सरकवावे लागले. कडांना चामड्याची किंवा सुती किनार नसल्याने मागचे कोपरे आता विसविशीत होऊ लागले आहेत. शिवाय नमदा वापराने दबतो, त्यामुळे पहिल्या हंगामात जी जाडी जाणवत होती ती आज नाही, आणि खोगिराची बैठक पुन्हा तपासावी लागली. हे दबणे सोडले तर बाकीचे दोष लोकरीचे नसून शिवणकामाचे आहेत. गावातला चांगला चांभार ते दूर करू शकतो, परंतु तो खर्च किमतीत धरला पाहिजे. मूळ किंमत अडीच हजार रुपयांच्या आत होती. दुरुस्ती धरूनही ती योग्य वाटते.

जेलच्या गाद्यांविषयी विचारणा बरीच होते, कारण त्या महाग असतात आणि महाग वस्तूत गुण असणारच असे आपण धरून चालतो. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नीट बसणाऱ्या खोगिराखाली जेल, चामडे, फोम आणि रेनडियरचे केसाळ कातडे अशा चार गाद्यांची दाबमापकावर तुलना केली होती. त्यात पाठीवर येणारे बल स्पष्टपणे कमी केले ते रेनडियरच्या कातड्याने. रेनडियरचे केस आणि मेंढीचा नमदा एक नव्हेत, त्यामुळे त्या निष्कर्षाने नमदा सिद्ध होतो असे मी म्हणणार नाही. मात्र केवळ जेल आहे म्हणून पाठ वाचते, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही एवढे नक्की. आपल्या उन्हात जेल तापतो, हवा अडवतो आणि जड असतो.

घोंगडीला मात्र वेगळा मान द्यावा लागेल. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची हातमागावरची घोंगडी आपल्याकडे अजून मिळते, आणि धनगरांच्या वाड्याबरोबर सामान वाहणाऱ्या तट्टांच्या पाठीवर ती पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. ब्रिटिश घोडदळानेही आपल्या लष्करी खोगिराखाली घडी केलेले ब्लँकेटच वापरले. त्यामागचा विचार आजही पटण्यासारखा आहे. मोहिमेवर घोडा वाळतो, पाठीवरचे मांस उतरते आणि आधी बसणारे खोगीर ढिले होते. अशा वेळी घडी बदलून एक पदर वाढवता येतो, आणि आतली बाजू घामेजली की कोरडी बाजू पाठीला लावता येते. चाराटंचाईच्या उन्हाळ्यात आपली जनावरेही उतरतात, म्हणून हा गुण मराठवाड्यात फार मोलाचा आहे. तिचा दोष इतकाच की घडी नीट बसली नाही तर एक सुरकुतीदेखील पाठीवर वळ उठवते, आणि रपेटीच्या मध्यात ती हळूहळू मागे सरकते. दररोज स्वतः खोगीर चढवणाऱ्या, हाताला सवय असलेल्या माणसासाठी घोंगडी नमद्याच्या बरोबरीची आहे. ते काम मोतद्दारावर (घोड्याची देखभाल करणाऱ्या नोकरावर) किंवा मुलांवर सोपवायचे असेल तर नमदाच घ्यावा.

वरातीच्या घोड्यांबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आपल्याकडे सर्वाधिक वेळ खोगीर वाहणारी जनावरे हीच आहेत. ऐन मे महिन्यात, लग्नाच्या तिथीला, एकामागून एक वराती करताना त्यांच्या पाठीवरची जरीची झूल, टिकल्यांचे मखमली खोगीर आणि त्याखालची रेक्झिनची गादी पहाटेपासून रात्रीपर्यंत उतरवली जात नाही. झुलीच्या खाली काय आहे हे नवरदेवाला दिसत नाही आणि फोटोतही येत नाही. या घोड्यांच्या मालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की वरची सजावट तशीच ठेवून त्याखाली पातळ नमदा किंवा घोंगडीची घडी घालावी आणि दोन वरातींच्या मध्ये तंग सोडून पाठ पुसून घ्यावी. आणखी एक गोष्ट: एकच गादी सगळ्या घोड्यांना फिरवू नये. गजकर्णासारखा बुरशीचा संसर्ग गादी, ब्रश आणि तंग यांवरून सहज पसरतो, आणि यात्रेतून नवीन आणलेल्या घोड्यामुळे तो पागेत शिरण्याची शक्यता असतेच. जखम उघडी पडली असेल तर गादी बदलून घोडा कामाला जुंपण्याऐवजी त्याला विश्रांती द्यावी आणि पशुवैद्यांना दाखवावे. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेथे जाणे या भागातील बहुतेकांना शक्य आहे.

शेवटी खरेदीविषयी. लोकरीच्या नावाखाली पॉलिस्टरचे फेल्ट सर्रास विकले जाते आणि नुसत्या स्पर्शाने ते ओळखू येतेच असे नाही. विक्रेत्याला विचारून कडेचे चार तंतू काढावेत आणि जाळून पाहावेत. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर केली की ती विझते आणि मागे चुरडली जाणारी काळी राख उरते. पॉलिस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी बनतो. त्यानंतर नमदा दोन्ही अंगठ्यांमध्ये दाबून पाहावा. चांगला नमदा दबून पुन्हा वर येतो, हलका नमदा दबलेलाच राहतो. प्रकाशासमोर धरल्यावर कोठे पातळ, कोठे जाड दिसत असेल तर तो सोडून द्यावा, कारण ती असमानता पुढे पाठीवर उमटते. मापासाठी आपले खोगीर सोबत नेणे उत्तम; ते शक्य नसेल तर खोगिराची लांबी दोरीने मोजून न्यावी आणि नमदा पुढे-मागे त्यापेक्षा किमान दोन बोटे मोठा आहे याची खात्री करावी, म्हणजे त्याची कड खोगिराच्या कडेखाली येऊन रुतणार नाही.